माझ्या पोटातल्या तीन प्रती

मित्रांनो, मी एक सहा वर्षं जुनी एसएसडी आहे, आणि मी मंद नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या घरात उठसूट सगळे मलाच नावं ठेवतात. टेबलाखालच्या संगणकाच्या पेटीत चार स्क्रूंनी मला बसवलं आहे. घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं, सगळं मीच सांभाळते.

नवी होते तेव्हा माझा काय थाट होता! आजोबांनी बटण दाबून चष्मा पुसेपर्यंत संगणक सुरू व्हायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझा वेग कौतुकाने दाखवायचे.

आजोबा एका कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेले. कागद एका जागी ठेवला की हरवतो, तीन जागी ठेवला की सापडतो, हा त्यांचा बाणा. आजी गेल्यावर त्यांनी तिचे सगळे व्हिडिओ माझ्यात भरले आणि तीन फोल्डर केले: 'जपून', 'नीट जपून' आणि 'अगदी जपून'. प्रत्येकात तेच ते! माझं पोट गळ्यापर्यंत भरलं. मला काम करायला थोडी मोकळी जागा लागते हो. ओटाभर भांडी मांडून ठेवल्यावर स्वयंपाक कुठे करायचा?

मी अडखळू लागले आणि उपचार सुरू झाले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! आजोबांच्या मुलाने केबल बदलली. सुनेने धूळ झटकली. आजोबांनी तर फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कला लागणारी फायलींची आवराआवर माझ्यावर रोज चालवली. तिने मला वेग येत नाही, उलट मी झिजते. जागा किती उरली, हे एकानेही पाहिलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला ना कपाळ, ना हात.

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्यानेही जागा पाहिली नाही.

"काका, सगळं पुसून टाकू. मग बघा कशी पळते. प्रत काढून ठेवलीय ना?"

"एक नाही, तीन आहेत!" आजोबा छाती फुगवून म्हणाले.

त्याने माउसवर बोट ठेवलं. मी आतल्या आत ओरडत होते, पण ऐकतंय कोण? तेवढ्यात सून दारातून म्हणाली, "बाबा, त्या तिन्ही कुठे ठेवल्यात?"

"अगं, ह्यातच की!"

दुरुस्तीवाल्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "अहो काका, हिच्याबरोबर तिन्ही गेल्या असत्या!"

आजोबा पलंगावर मटकन बसले. "म्हणजे तिचा आवाज..."

त्याच दुपारी मुलाने वेगळी डिस्क आणून तिच्यावर एक प्रत काढली. ती उघडून पाहिल्यावरच सुनेने माझ्यातले दोन फोल्डर पुसले. मी पुन्हा पळू लागले. आजोबांनी व्हिडिओ लावला. पडद्यावर आजी रागावत होत्या, "पुरे झालं ते शूटिंग, इकडे येऊन बसा आधी!"

"बसलोय गं," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, पण सगळी भिस्त माझ्यावर टाकू नका. तुमचंही कुणी माझ्यासारखीच्या पोटात असेल, तर आजच उठा आणि दुसरीकडे एक प्रत ठेवा. कधी ना कधी मी बंद पडणारच. त्या दिवशी आजी दुसऱ्यांदा जायला नकोत.