अडतीसचा खिळा

खिळ्याच्या डोक्यावर अडतीस आकडा होता, आणि तेवढ्यावरून वेंडेल प्रेटरनं माझ्या मावशीला खोटं पाडलं.

वेंडेल आमच्या मेटल डिटेक्टरवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष. जन्मभर विमे विकले, आता रविवारी उखडलेल्या रेल्वेमार्गावर यंत्र फिरवतो आणि अख्ख्या कॅन्ससचा इतिहास तोंडपाठ असल्यासारखा बोलतो. त्या भरावावर आता सायकलींचा रस्ता झालाय. ओढ्यावरच्या पुलापाशी पितळी पाटी बसणार होती, तिच्या समितीचा प्रमुखही वेंडेलच, आणि माझ्या मावशीचं, तिआ ऑफेलियाचं, एकच मागणं होतं: पाटीवर तिच्या वडिलांचं नाव. सिरिलो ओल्वेरा गँगमन होते. १९३१ साली त्याच पुलावर रूळ अंगावर पडून गेले. तिआ तेव्हा आईच्या पोटात होती.

"नाही जमत," वेंडेल म्हणाला. "पुलाजवळच्या स्लीपरमध्ये अडतीसचा खिळा सापडलाय. म्हणजे लाइनच अडतीसची. एकतीसला इथं कुणी कसं मरेल?"

माझं डोकंच सणकलं. माझीही तीस वर्षं रुळांवरच गेली. "अरे शहाण्या, स्लीपर कुजला की बदलतात. नवा घातला की त्या सालाचा खिळा मारतात, किती टिकला ते कळावं म्हणून. तू गेल्या वर्षी छप्पर बदललंस, म्हणून घर काय गेल्या वर्षी बांधलंस?"

"लोखंड खोटं बोलत नाही, मार्सेलो."

"लोखंड नाही रे. वाचणारा गाढव आहे."

तीन दिवस मी पुलाशेजारच्या उतारावर यंत्र फिरवलं. काढलेले स्लीपर गँगवाले तिथंच ढकलून द्यायचे. लाकडाची माती झाली होती, पण त्या मातीतून दोन खिळे निघाले. एक चोवीसचा, एक सत्तावीसचा.

वेंडेलनं ते उन्हात धरून पाहिले. "वा! प्रदर्शनात ठेवू."

"आणि नाव?"

"पाटी ओतून झाली रे. पुढं कधीतरी बघू." वर माझ्या पाठीवर थाप! चुकलो, एवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. निर्लज्ज माणूस.

उद्घाटनाला तिआ काळा झगा घालून आली. वय त्र्याऐंशी, पण खुर्ची नको म्हणाली. वेंडेलनं पडदा ओढला आणि पाटी वाचून दाखवली. समितीची अकरा नावं, पहिलं त्याचंच. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर तिआ म्हणाली, "साहेब, एक विचारू?"

"विचारा ना, बाई."

"या अकरांपैकी इथं मेलं कोण?"

वेंडेलनं घाईघाईनं माइक बंद केला. आमच्या तिआला कसला माइक लागतोय! तिनं बापाचं नाव घेतलं, पूर्ण, मोठ्यानं, आणि समोरचा एकेक माणूस डोक्यावरची टोपी काढेपर्यंत घेत राहिली. वेंडेलनं सगळ्यांत शेवटी काढली.