नारळाची तारीख

आमची सून मेघा बंद खोलीत आवाज बदलून मोबाइलशी बोलते. कधी म्हाताऱ्याचा आवाज काढते, कधी भांडखोर बाईचा, आणि मी दारात दिसले की गप्प. सासूला बघून तोंड मिटणाऱ्या बाईचा मला मुळीच भरवसा नाय.

पडेगाव रस्त्याला आमचं मंगल कार्यालय आहे. मालक गेल्यापासून मीच बघते. कोणती तारीख कुणाला दिली हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. पण मेघानं कार्यालयाच्या नंबरवर मशीन बसवलं. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, मशीन उत्तर देतं, तारीखसुद्धा देऊन टाकतं. माझा अभय बायकोच्या मागं मान डोलवतो. म्हणे, "आई, हा एआय एजंट आहे." मला ठाऊक असलेले एजंट प्लॉट विकतात. त्यांच्यावर कधी विश्वास टाकला नाही, याच्यावर काय टाकू?

मेघा अधूनमधून विचारायची, "आई, तारीख धरणं म्हणजे आपल्याकडं नेमकं काय? मशीनसाठी लिहून ठेवायचंय."

"तारीख धरणं म्हणजे तारीख धरणं. त्यात काय लिहायचंय?" मी म्हणायचे. मला वाटायचं, ही गोड बोलून सगळा कारभार काढून घेतेय.

त्यात मुकुंदवाडीची केसरबाई आली. नवरा नाही, एकच लेक सुरेखा. दोन्हीकडच्या मंडळींना जमणारी एकच तारीख होती. मी केसरबाईच्या हातावर नारळ ठेवला. आमच्याकडं मी नारळ दिला म्हणजे तारीख दिली, मग टोकनाची आगाऊ रक्कम येवो न येवो. मेघाला सांगितलं, "केसरबाईची तारीख धर." तिनं माझ्यासमोर मोबाइलमध्ये टाकलं.

केसरबाईनं पत्रिका छापल्या, वाटायलाही काढल्या. आणि अभय मला सांगतो, त्या तारखेला रामकिसनरावांच्या पोराचं लग्न आहे!

रामकिसनराव म्हणजे मेघाचे चुलतमामा. झालं, मला सगळं लख्ख दिसलं. बंद खोली, बदललेले आवाज, आणि शेवटी मामा.

तरी मी तोंडावर काही बोलले नाही. आधी त्या मशीनलाच पकडायचं ठरवलं. आमचा आचारी कडुबा, त्याचा फोन घेतला आणि बोलून मेसेज धाडला. दुसरीच एक तारीख मागितली. उत्तर आलं ते कडुबानं वाचलं, "ही तारीख तुमच्यासाठी धरली आहे. उद्या दुपारपर्यंत टोकन न आल्यास ती आपोआप मोकळी होईल."

"आरं, मी सारजाबाई बोलतेय! कार्यालयाची मालकीण! या तारखेचा नारळ दिलाय मी!"

"धन्यवाद, सारजाबाई. नारळाची सोय आमचे आचारी करतील. कृपया टोकन उद्या दुपारपर्यंत भरावे."

कडुबानं तोंडात उपरणं कोंबलं. "हस मेल्या," म्हणाले आणि तडक मेघाच्या खोलीत गेले.

"दाखव. तारीख धरायचं त्याला काय शिकवलंस?"

तिनं लॅपटॉप वळवला. "आई, मशीनला आपण टूल देतो. तारीख बघायचं एक, धरायचं एक, पक्की करायचं एक. प्रत्येकाखाली लिहावं लागतं, हे काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. त्यापलीकडं त्याला आपल्या घरातलं काही माहीत नसतं." मग तिनं वाचलं, "तारीख धर. ग्राहकाने मागितलेली तारीख एक दिवस राखते. टोकन न आल्यास सोडते."

"आणि नारळ?"

"मला वाटलं, तो मानपान आहे. तुम्ही कधी सांगितलं का?"

मी ते ऐकलंच नाही असं केलं. "आणि तुझा मामा?"

"मामांचा फोन आला होता. मी म्हटलं, कार्यालयाच्या नंबरवर विचारा. केसरबाईचं टोकन न आल्यानं तारीख मोकळी झाली होती, मामांनी टोकन भरलं आणि मशीननं ती त्यांना पक्की केली. मी मध्ये पडले असते तर तुम्हाला संशय आला असता."

"तसा आलाच की. आणि ते आवाज कुणाचे काढतेस?"

ती लाजली. "गिऱ्हाइकांचे. कधी नवरीची मावशी होते, कधी चिडलेला व्याही. मशीन चुकतं का ते बघते. तुमच्यापुढं कसं करू?"

"कार्यालयाच्या मालकिणीचा आवाज काढला होतास का कधी?"

तिनं मान हलवली. नाही म्हणून.

मी पलंगावर बसले. घराघरात गेलेल्या केसरबाईच्या पत्रिका डोळ्यांपुढून हलेनात.

"ऐक, मेघा," मी म्हणाले. "लबाडी तुझी नाय, एवढं मानते. पण काम अर्धं केलंस. आता मामाला फोन लाव, माझ्यासमोर, स्पीकरवर. तारीख केसरबाईची आहे, ती हलायची नाय. त्यांचं टोकन परत कर. ते रागावले तर तुझं माहेर तू सांभाळ. मग इथं बस आणि मी सांगते तसं लिही. सारजाबाईनं नारळ दिलेली तारीख कुणीही मागो, सोडायची नाही, टोकन विचारायचं नाही, आणि शंका आली तर आधी सारजाबाईला विचारायचं. लिहिलंस की मला दोनदा वाचून दाखव. माझा त्याच्यावर भरवसा नाय, आणि तुझ्यावर अजून पुरता बसलेला नाय."