अण्णांच्या अंगठ्याने उघडणारा

मित्रांनो, वेल्ह्याच्या अलीकडे एका वाडीत, लोखंडी पेटीवर चार्जरला लावून ठेवलेला जुना मोबाईल तो मी. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे. माझ्या पोटात एक अख्खं पुस्तक आहे आणि ते मी कुणालाही वाचू देत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो सुलक्षणाचा हात. ती पुण्यात एका ग्रंथालयात काम करते. तिचे वडील सोनबा, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांवर चौतीस वर्षं पोस्टमन होते. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचूनही दाखवत. निवृत्तीनंतर त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहायचं ठरवलं, पण हात थरथरायचा. म्हणून तिने मला आणलं.

तिने माझ्यात लिहिणाऱ्याचं सारं सामान भरलं. बोललेलं टाइप करणारं ॲप, नोंदींची वही, शब्द मोजणारं ॲप आणि रोज पाच वाजता वाजणारी घंटा. मग ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही लिहाल त्याची एक प्रत आपोआप माझ्याकडे येईल असं करून ठेवते."

"नगं. पाकीट पोचायच्या आधी कुणाच्या हातात देत न्हाईत. लोकांची पत्रं हायेत त्यात."

"मी 'कुणी' झाले का?"

"तू सगळ्यात पयली वाचणार, सुले. पण पुरं झाल्यावर."

आणि त्यांनी मला कुलूप घातलं. एक त्यांच्या अंगठ्याचं आणि एक सहा आकड्यांचं. आकडा कुणाला सांगितला नाही.

ती तीन वर्षं माझ्या सुखाची होती. वाडीत रेंज नसे. अण्णा मला खिशात घालून वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर यायचे, बाकावर बसायचे आणि मला तोंडाजवळ धरून हळूहळू बोलायचे. मी ऐकायचो, अक्षरं उमटवायचो.

"अण्णा, पलीकडनं कुणी बोलतंय का नुसतंच?" कंडक्टर विचारायचा.

"तुझी गाडी वेळंवर सुटंल तवा सांगतो."

शब्द मोजून झाले की ते मला शर्टाला पुसायचे. "तीनशे बारा. बरं हाय," एवढंच म्हणायचे. मित्रांनो, त्याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

रविवारी स्टँडवर असतानाच सुलक्षणाचा फोन यायचा. "कुठवर आलंय?"

"तुझ्या जन्मापाशी आलोय. त्या दिवशी मी पत्रं घिऊन वर वाडीला गेल्तो."

"मग काय झालं?"

"लिवलंय. झालं की वाच."

तिने हट्ट केला नाही. तिला वाटलं, घाई कसली?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अण्णा अंगणात चूळ भरायला बसले ते उठले नाहीत. सुलक्षणा दुपारी पोचली. बाहेर बांबू बांधत होते. तिचा चुलतभाऊ बंडू आत आला आणि मला तिच्या हातात देत हळूच म्हणाला, "अक्का, अण्णांचा अंगठा लावून घे. आत्ता हुईल. नंतर न्हाई."

घरातली कुजबूज थांबली. ती का थांबली ते तुम्हाला सांगायला हवं. अण्णांचे वडील गेनू वारले, तेव्हा तिरडी उचलायच्या आधी एका भाऊबंदाने त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला होता. ओढ्याकाठचं भाताचं खाचर त्या कागदावर गेलं. तेव्हापासून मेलेल्या माणसाचा अंगठा या घरात कुणी उच्चारतही नसे.

"बंडू, तोंड सांभाळ," कोपऱ्यातून अण्णांच्या बायकोचा, बाळाबाईंचा आवाज आला. "मामंजींचा धरला व्हता तसाच. ह्यांचा मी धरू देणार न्हाई."

"काकी, ही जमीन हाय का? पुस्तक हाय!"

बाळाबाई मुलीकडे बघत राहिल्या. सुलक्षणाने मला अण्णांच्या हाताजवळ नेलं होतं. वीतभर अंतर असेल. तेवढ्यावरून तिने मला मागे घेतलं.

"राहू दे बंडू. आकडा सापडेल."

सुतकात मला चार्जिंगला लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी बंद पडलो. पुन्हा सुरू झालो तो फक्त आकडा मागत. बंद पडून उठलेल्या मोबाईलला आधी आकडाच लागतो, तोवर अंगठा चालत नाही. आणि तो आकडा मलाही ठाऊक नाही. समोर आला तर ओळखेन, आठवून सांगता येत नाही. मला तसंच घडवलं आहे.

तिने वेल्ह्याचा पिन कोड घालून पाहिला. मग भोरचा, नसरापूरचा. अण्णांची जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, लग्नाची, स्वतःची. प्रत्येक वेळी मी 'चुकीचं' म्हटलं आणि पुढच्या खेपेला तिला जास्त वेळ ताटकळत ठेवलं. नसरापूरच्या एका दुकानदाराने मला उलटंपालटं केलं. "उघडून देतो, ताई. पण आतलं समदं पुसलं जाईल."

"मग नको."

परवा बाळाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्या दिशी धरू दिला असता तर बरं झालं असतं का गं?"

सुलक्षणाने ताटातला भाकरीचा तुकडा मोडला. "नाही, आई," ती म्हणाली. तुकडा तिने खाल्ला नाही.

आता माझी बॅटरी फुगू लागली आहे. पाठ उचलून आली आहे. यापुढे चार्ज करू नका, असं दुकानदाराने बजावलं आहे. तरी ती सुट्टीला येते, मला लावते, एक आकडा घालते आणि मी नकार देतो. फार दिवस हेही जमायचं नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. आमच्यासारखे पुष्कळ मिळतात. पण तुमच्या घरात कुणी काही लिहीत असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसा. "पुरं झालं नाही अजून," असं ते म्हणतील. म्हणू द्या. अर्धं पान का होईना, त्यांच्याच तोंडून ऐका. सुलक्षणा जन्मली त्या दिवशी अण्णा पत्रं घेऊन कुणाच्या दारात उभे होते, ते माझ्यात एकोणीस ओळींत लिहिलेलं आहे.

ते मी तिला सांगू शकत नाही.