झरोक्यातली पितळी भांडी

आमच्या सासऱ्यांनी मेंढरं विकून शेती घेतली आणि पुढं दोन्ही मुलांना वाटणी करून दिली, तेव्हा हुमनाबादच्या घरात मधोमध भिंत घातली. दगडमातीची, हातभर जाड. पण भिंतीत छातीच्या उंचीवर एक झरोका ठेवला. घरं दोन झाली तरी विरजण आणि विस्तव ह्यातूनच इकडचा तिकडं जाईल, ह्याला कधी दार बसवायचं नाही, असं दोन्ही सुनांना समोर बसवून सांगितलं. पंचवीस वर्षं त्यातून दही गेलं, कढीपत्ता गेला, फोडणीचा वास तर न विचारताच गेला.

पलीकडे राहते ती माझी धाकटी जाऊ, तुळजा. लग्न होऊन आली तेव्हा टायपिंगची परीक्षा पास झालेली होती. मी चौथी पास. तिला मूलबाळ नाही. माझ्या महांतेशला तिनं मांडीवर घेतलं, पाढे शिकवले, आणि मी तेव्हा ‘बरं झालं, माझे हात मोकळे झाले’ म्हणत भाकऱ्या थापत बसले. चूक तिथून असावी.

महांतेश शिकला, बेंगळूरला कंपनीत लागला. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात सुटीवर आला आणि घरात कॉम्प्युटर आणि नेट लावून गेला. तुळजाकडे जुना कॉम्प्युटर होताच, तहसीलमधल्या लोकांचे अर्ज ती त्याच्यावर टाईप करून द्यायची. महांतेश म्हणाला, “आई, दोन कनेक्शन कशाला? एकच घेऊ. राउटर झरोक्यात ठेवू. तुझ्याकडं वायरनं, काकूकडं वायर न लावता.”

“वायर न लावता कसं जाईल?”

“हवेतून.”

“हवेतून वरणाचा वास जातोय. हे पण तसंच?”

“अगदी तसंच,” म्हणाला आणि हसला. तुळजाच्या कॉम्प्युटरला त्यानं मागून एक बोटाएवढी काडी खोचली. दोन मिनिटांत ती झरोक्यातून ओरडली, “आलं रे आलं!” मी मोठ्या मनानं म्हणाले, “वापर की, आपलंच हाय.” गल्लीभर सांगूनही आले, माझ्या पोरानं एका नेटवर दोन घरं चालवली म्हणून.

दर रविवारी दहा वाजता तो पडद्यावर यायचा. शनिवारी रात्रीच मी लुगडं ठरवून ठेवायची.

“जेवलास का?”

“व्हय.”

“तब्येत?”

“बरी हाय. तुझी बीपीची गोळी?”

“घेतली.”

मग तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे बघायची. रस्त्यावरून एखादी लॉरी हॉर्न मारत गेली की दोघांना बरं वाटायचं, त्यावर बोलता यायचं. दहा मिनिटांत “बरं मग आई” यायचं आणि पडदा काळा व्हायचा.

आणि मग पलीकडे सुरू व्हायचं. बोलण्याचा आवाज नाही. टकटक टकटक. ती टाईप करायची, तो तिकडून टाईप करायचा. झरोक्याला कान लावला तरी अक्षरं कुणाला ऐकू येतात का? टकटक व्हायची, थांबायची, आणि तुळजा हसायची. पोट धरून. एकदा ती हसत हसत एकटीच म्हणाली, “गप की रे गाढवा!” माझ्या पोराला गाढव म्हणण्याचा हक्क ह्या गल्लीत माझा होता. मी तो कधी वापरला नव्हता, इतकंच.

तासभर चालायचं. मी तोवर तांदूळ निवडायची. खडा नसलेले तांदूळ तीनदा निवडून झाले होते.

नागपंचमीच्या आधी मी माहेरची पितळी भांडी काढली. चिंच लावून घासली. दोन घागरी, चार तांबे, परात. सुकायला जागा कुठली, म्हणून झरोक्यात राउटरच्या मागं ओळीनं लावली. पाच मिनिटांत पलीकडून आवाज आला, “अक्का, नेट गेलं की हो!”

भांडी काढली, नेट आलं.

मी तिथंच उभी राहिले, ओली परात पदराला लागली तरी कळलं नाही. पुढच्या रविवारी साडेनऊला मी परत सगळी भांडी झरोक्यात लावली. मागं परात उभी, तिच्यापुढं घागरी, फटीत तांबे. राउटर माझ्या बाजूला. एवढा झकास बंदोबस्त मी लग्नानंतर कशाचा केला नव्हता.

तुळजा पुढच्या दारानं आली. “अक्का, भांडी कामून लावलाव?”

“मांजर यायलंय तिकडून. दुधात तोंड घालतंय.”

“आमच्याकडून?”

“मग काय बेंगळूरहून येतंय?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाली आणि गेली. दार हळू लावलं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मोबाईल त्यांच्या घरात एकच, तोही माझ्या दिराच्या खिशात, हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात दिवसभर. म्हणजे महांतेश आता माझा एकटीचा होता. पहिल्या रविवारी तो माझ्याशी पंधरा मिनिटं बोलला. दुसऱ्या रविवारी वीस. त्यातली दहा मिनिटं “काकू कामून येईना लाईनवर?” ह्यातच गेली. “तिला काम असतंय,” मी म्हणाले. मीच काहीबाही सांगत सुटायची: चिटगुप्प्याच्या बाजारात मिरची कशी तिखट निघाली, नागव्वाची म्हैस कशी व्याली. तो हूं हूं करायचा. डोळे भलतीकडेच.

तिसऱ्या रविवारी तो पुढं वाकला. दाढी वाढली होती.

“आई, जरा सरक बाजूला.”

“कामून?”

“तुझ्या मागं झरोका असतोय. त्यातून काकूच्या घरातला उजेड दिसायचा मला. तीन आठवडे झाले, दिसत न्हाई. चमकायलंय काय ते?”

मी सरकले नाही. माझ्या पाठीएवढी रुंद गोष्ट त्या वेळी मला दुसरी सापडेना. पण परात माझ्यापेक्षा मोठी होती.

“भांडी,” मी म्हणाले.

“राउटरच्या मागं? पितळेची?” तो इंजिनिअर. त्याला पुढचं विचारावं लागलं नाही. “मुद्दाम केलीस?”

“तुम्ही हसताव,” मी म्हणाले. इतक्या दिवसांचं एकदम वर आलं. “तासतासभर हसताव. मला ‘जेवलो’ म्हणून वाटेला लावतोस. मी काय परकी हाव?”

“आई, तू जेवलास का म्हणून विचारतीस. मी व्हय म्हणलो की तुझं झालं. काकू विचारती काय जेवलास, कुणाबरोबर जेवलास, किती वाजता. तिला खोटं सांगायला जमत न्हाई.”

“आणि मला जमतंय?”

तो खाली बघून म्हणाला, “माझी नोकरी गेलीय. जूनमध्येच. कंपनीनं शंभरजणांना काढलं. दुसरी बघायलोय. काकू माझे अर्ज वाचती, चुका काढती, मधी काहीतरी येडंवाकडं लिहून हसवती. तेवढाच तास जरा बरा जायचा.”

“मला कामून सांगितलं न्हाईस रे?”

“तू गल्लीत सांगून ठेवलीस सगळं. पोरगा असा, पोरगा तसा. मी म्हणलं, तुला खाली बघायला लागंल. म्हणून दिवाळीला पण येऊ नये म्हणत होतो.”

मला रडू यायला हवं होतं. पण आधी काय आलं ते खरं सांगते: तिला जूनपासून माहीत होतं, हे आलं. भांडी लागेपर्यंत ती ह्याच झरोक्यातून विरजण देत होती आणि तोंडावर काही दिसू दिलं नाही. रडू त्यानंतर आलं.

“दिवाळीला ये,” मी म्हणाले. “गल्लीचं मी बघते.”

मी उठले आणि एकेक भांडं उतरवलं. शेवटची परात काढली तर पलीकडे तुळजा पोळपाटापाशी उभी. तिच्या बाजूनं हे सगळं पहिल्या दिवसापासून दिसत होतं, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. परातीच्या पाठीवर तर माझं नाव कोरलेलं होतं, ‘जगदेवी’, तीन रविवार तिच्याकडे तोंड करून.

“मांजर गेलं का अक्का?” ती म्हणाली.

“तू त्याला कामून सांगितलं न्हाईस? भाऊजींच्या मोबाईलवरून करता आला असता की फोन.”

“काय सांगू? तुझ्या आईनं भांडी लावली म्हणून?” तिनं पीठ झटकलं. “त्याला आधीच कमी घोर हाय का.”

ह्यातही ती माझ्यावर मात करून गेली. मी परात कडेला ठेवली आणि कॉम्प्युटरवर वाट बघत असलेल्या महांतेशला म्हणाले, “जा, काकूकडं जा. काय जेवलास ते पुढच्या रविवारी मला सांग. कुणाबरोबर ते पण.”

“काल एकटाच जेवलो, आई. ब्रेड.”

“गाढवा,” मी म्हणाले. तो हसला. फार नाही, पण हसला.

मग मी चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. घरात राहिले असते तर कान झरोक्याकडे गेलेच असते. समोरची नागव्वा सूप पाखडत होती.

“आज पोराचा फोन न्हाई का?”

“हाय की. काकूसंगं बोलायलाय.”

“आणि तुम्ही इथं?”

“नागव्वा, महांतेशची नोकरी गेलीय. जूनमध्ये.”

तिचं सूप थांबलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, मान खाली घातली नाही.

“अग्गं माय,” ती म्हणाली. मग, “जेवतोय का नीट?”

“न्हाई. ब्रेड खायलाय.”

“बोलावून घ्या की मग. दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं?”

आत टकटक सुरू झाली होती. थांबली, आणि तुळजा मोठ्यानं हसली. मला झोंबायचं ते झोंबलंच, ते काही भांड्यांबरोबर उतरलं नव्हतं.

मी ओट्यावर सरकून जागा केली. “ये, बस,” नागव्वाला म्हणाले. “त्यांचं तासभर चालतंय.”