ओढ्याचा गाळ

शिंपीणमावशीच्या एकदा डोक्यात बसलं की बसलंच. घरामागचा ओढा साफ करायचा म्हणजे करायचा! आधी गल्लीतले हसले. मग तिच्या तोंडाच्या पट्ट्याला कंटाळून का होईना, दर रविवारी फावडी घेऊन यायला लागले. चिंध्या, पिशव्या, फुटक्या बादल्या निघाल्या, तुंबलेलं पाणी वाहतं झालं, आणि तळाशी लागला काळाभोर गाळ.

"हा कुठे टाकायचा?"

"टाकायचा कशाला? सोनं आहे सोनं!" मावशी म्हणाली. जो राबेल त्याला घमेलंभर गाळ, असा कायदाच केला तिने. घरोघरी कुंड्या भरल्या. तिच्या गच्चीवर तर पालक असा तरारला की विचारता सोय नाही. तो सगळा लेकीसाठी. लेक-जावई वरच्याच मजल्यावर राहायचे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता कुठे पाळणा हलणार होता, आणि मावशीचा सगळा जीव त्या पोटातल्या जिवात अडकला होता.

मग गांडुळं वर यायला लागली. सकाळी कुंड्यांखालच्या फरशीवर मरून पडलेली असायची. उन्हाने असेल, म्हणत मावशी केरसुणीने लोटायची. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानेही सांगितलं, त्याच्या वाफ्यात एक गांडूळ टिकेल तर शपथ. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. पण आपल्या हातून झालेल्या चांगल्या कामावर शंका घ्यायला मन धजतंय कुठे!

त्या रविवारी तिचं लक्ष ओढ्याकाठच्या बॅटरीवाल्याकडे गेलं. गडी अंगात आल्यासारखा उपसत होता.

"अरे, सगळ्यांत जास्त तू राबतोस, आणि एकदाही गाळ नेला नाहीस?"

"जागा नाही हो मावशी."

"एवढं अंगण पडलंय की तुझं!"

त्याने फावडं खाली ठेवलं. "मावशी, जुन्या बॅटऱ्या आम्ही इथेच फोडायचो. वडिलांपासून. शिसं काढून घ्यायचं, उरलेलं अ‍ॅसिड आणि शिशाचा चुरा ओढ्यात ओतायचा. म्हणून तर येतो ना मी. वाटलं, गाळ कुठेतरी लांब नेऊन पुरतील."

"आणि मी घरोघरी वाटला तेव्हा तुझी वाचा बसली होती, मेल्या?"

"धंदा बंद पाडला असतात तुम्ही माझा," तो खाली बघत म्हणाला.

"पोटात गेलं तर काय होतं?"

"लहान पोरांना फार बाधतं. पोटातल्यांना त्याहून."

चिखलाच्या पायांनीच मावशी जिना चढली. लेक जेवायला बसली होती. मावशीने पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"आई, वेड लागलं का तुला?"

मावशीने धापा टाकत सगळं सांगितलं. लेकीने ताटातल्या पालकाकडे पाहिलं.

"सातवा लागलाय मला," ती म्हणाली. "रोज खातेय मी हे."

"मला काय माहीत गं! रक्त वाढेल म्हणून..."

"मला नकोच असायचा, आई. घशाखाली उतरायचा नाही. तू एवढी हौसेने आणायचीस, म्हणून खायचे."