कवडूजीचा हातगुण

नागपूरच्या तांडापेठेत कोणाचा पाय मुरगळो, कंबरेत उसण भरो, नाहीतर टाचेत काटा मोडो, माणूस दवाखान्याची पायरी चढण्याआधी कवडूजी धकात्याच्या ओसरीवर येऊन बसायचा. बिब्बा लावावा तर कवडूजीनेच. दिव्याच्या ज्योतीवर बिब्बा धरायचा, त्यातून सुटलेलं काळं तेल सुईच्या टोकाने दुखऱ्या जागी टिपक्याटिपक्यांनी द्यायचं आणि वरून चुना फासायचा. आला तेव्हा दोघांच्या खांद्यावर आलेला माणूस दोन दिवसांनी स्वतःच्या पायांनी सुपारीचं खांड द्यायला यायचा. एरवी कवडूजी मागावर लुगडी विणणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा गरीब प्राणी. पण 'कवडूभाऊ, तुमच्या हाताले गुण आहे,' एवढं कोणी म्हटलं की गडी दिवसभर हवेत असायचा.

अशा माणसाच्या पोटी शालिकराम जन्मला. त्या पोराच्या पायांत काय भरलं होतं देव जाणे. शाळेच्या मैदानावर अनवाणी चेंडू घेऊन निघाला की व्यायामाचे शिक्षक वामनराव शिट्टी वाजवायची विसरून जायचे. या वामनरावांनी पोराला हाताशी धरलं. स्वतःच्या घरचं दूध पाजलं, पहिले बूट आणून दिले, गावोगावच्या स्पर्धांना नेलं. होता होता तांडापेठेतला शालिक देशाच्या युवक संघात निवडला गेला. बँकॉकला आशियातल्या देशांच्या पोरांची फुटबॉल स्पर्धा होती आणि डाव्या बाजूने पळायला शालिक जाणार होता.

मोहल्ला नुसता नाचला. कवडूजीही हसला, लोकांनी भरवले ते पेढे त्याने खाल्ले, पण मनातून तो जरा अवघडलेलाच होता. खरं सांगायचं तर पोराच्या या सगळ्या भरभराटीत बापाचं काहीच नव्हतं. जे केलं ते वामनरावांनी. ऑफसाइड म्हणजे काय हे कवडूजीला तीनदा समजावून झालं होतं आणि तीनदा त्याने समजल्यासारखी मान हलवली होती. आपल्या जवळचं काहीतरी पोराला द्यावं असं त्याला फार वाटायचं, आणि देण्यासारखं काही सापडायचं नाही.

ते सापडलं, आणि घात झाला. संघाचं शिबिर कलकत्त्याला लागलं होतं. विमानात बसायला थोडे दिवस उरले असताना सरावात शालिकचा डावा घोटा मुरगळला. शिबिरातल्या डॉक्टरने दाबून पाहिला आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, पट्टी बांध, चार दिवस घरी पडून राहा आणि आईबापाचा आशीर्वाद घेऊन परत ये. पोरगा नागपूरला आला तो जरासा लंगडत, पण हसत. आल्या आल्या आई चंद्रकलाला संघातल्या पोरांची नावं एकेक करून सांगत बसला. कोण गोव्याचा, कोण बंगालचा, कोणाला घरची आठवण येऊन रडू येतं, कोण झोपेत बडबडतो. चंद्रकला भाकरी थापता थापता ऐकत होती आणि कवडूजी पोराच्या सुजलेल्या घोट्याकडे बघत होता.

संध्याकाळी तो बिब्बे आणि सुई घेऊन पोरासमोर बसला. शालिक एकदम सावरून बसला. डॉक्टरने पायाला काहीएक लावायचं नाही असं बजावलंय, हे त्याने अगदी अदबीने सांगितलं. चंद्रकलाही आतून म्हणाली की राहू द्या, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. कवडूजीला हे लागलं. सगळ्या जगाचे पाय आपल्या हाताने बरे होतात आणि घरात मात्र आपली किंमत नाही, असं त्याला झालं.

"उभ्या तांडापेठेचे पाय मी उभे केले गा," तो म्हणाला. "आन माह्या पोराच्या पायाले मीच हात नाई लावायचा?"

शालिकने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय पुढे केला आणि म्हणाला, "लावा, बाबा."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. बिब्बा सगळ्यांना सोसत नाही. एखाद्याच्या अंगावर तो उततो. कातडी जळल्यासारखी होते, फोड येतात, अंग सुजतं. म्हणून कवडूजी नव्या माणसाला आधी मनगटाच्या वर एकच बारीक टिपका द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बघून मगच पुढचं काम करायचा. बापाची शिकवण होती ती. परक्याच्या बाबतीत त्याने ती कधी मोडली नाही. पण शालिक काय परका होता? कवडूजीच्या बापाला बिब्बा उतला नाही, कवडूजीला उतला नाही, मग आपल्याच रक्ताच्या पोराला कसा उतेल, असा त्याचा हिशोब. शिवाय दिवस हाताशी थोडे. त्याने टिपका दिला नाही. घोट्याभोवती सगळीकडे, हात राखून न ठेवता, मायेने बिब्बा लावला.

पहाटे शालिक कण्हत उठला. पाय पोटरीपर्यंत सुजून टम्म झाला होता, घोट्यावर पाणी भरलेले फोड होते, डोळ्यांच्या पापण्याही सुजल्या होत्या आणि अंगात ताप. चंद्रकलाने तीळ-खोबरं वाटून लेप दिला. तिचे हात भराभर चालत होते आणि नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. कवडूजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. काय झालंय हे त्या घरात त्याच्याइतकं कोणालाच कळलं नव्हतं.

सायकलरिक्षात घालून पोराला धंतोलीत डॉक्टरकडे नेलं. वामनरावही धावत आले. डॉक्टरने मलमपट्टी केली आणि हात धुता धुता सांगितलं की मुरगळलेला घोटा तर आपसूकच बरा होत आला होता, चार दिवसांत पोरगा पळाला असता. हे कातडं मात्र आता सोलून निघेल आणि नवं यायला वेळ लागेल. पुढचा महिनाभर बूट घालायचं नाव काढू नका. बाहेर रस्त्यावर आल्यावर वामनराव कवडूजीला म्हणाले, "एवढासा होता तेव्हापासून मी या पायाले जपलं, कवडूजी. तुम्ही एक दिवस थांबायचं होतं."

आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. वामनराव तसेच तारऑफिसात गेले आणि शिबिराला तार केली. उलटी तार आली, की शालिकच्या जागी दुसरा मुलगा घेतला आहे.

त्यानंतर तांडापेठेत कवडूजीकडे बिब्बा लावून घ्यायला कोणी फिरकलं नाही. लोक तोंडावर वाईट बोलले नाहीत, पण त्याच्या ओसरीवरून लंगडत पुढे जायचे. एकदा पोराची पट्टी बदलताना चंद्रकलाच्या हातातलं गरम पाण्याचं भांडं जड झालं म्हणून कवडूजी मदतीला वाकला, तर शालिकने पाय झटकन आखडून घेतला. मुद्दाम नाही, आपोआपच. पोरगा लगेच खजील झाला आणि पाय पुन्हा लांब केला. कवडूजी तिथून उठून मागावर जाऊन बसला, पण धोटा काही त्याने उचलला नाही.

तिकडे बँकॉकला स्पर्धा सुरू झाली. जन्मात बातम्या न ऐकलेला कवडूजी आता चौकातल्या भैयाजीच्या पानठेल्यावर रेडिओपाशी उभा राहू लागला. भैयाजीला वाटायचं, बिचाऱ्याला केवढी ओढ आहे बघा. ओढ कसली, डोंबल! कवडूजी रोज सकाळी अंघोळ करून देवापुढे उभा राहायचा आणि मागायचा, इंडियाला हरव. उगीच एखाद्या गोलाने थोडक्यात हार नको, चांगली सपाटून हार दे. म्हणजे पोराला म्हणता येईल, तू नव्हतास म्हणून हरले. किंवा निदान म्हणता येईल, जाऊन तरी काय मिळणार होतं. आपण हे काय मागतो आहोत हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटत होती. तरी तो मागत होता. देवाने ऐकलं नाही. इंडिया पुढे पुढेच जात राहिली. रेडिओवर ते ऐकताना भैयाजी मांडीवर थाप मारायचा आणि कवडूजी पान न घेताच घरी परतायचा. घरी शालिक भिंतीला टेकून बसलेला असायचा. काय झालं असं तो कधी विचारायचा नाही.

शेवटची मॅच इराणशी झाली. दोन्हीकडे दोन-दोन गोल, आणि दोन्ही देशांना मिळून विजेतेपद. सकाळच्या पेपरात बातमी आली तसा मोहल्ला लोटला. आपल्या शालिकची टीम जिंकली म्हणून कोणी पेढे आणले, कोणी गुलाल आणला. कोणाच्या मनात पाप नव्हतं. त्यांनी पोराला उभं केलं, कपाळाला गुलाल फासला, आणि शालिक पट्टी बांधलेला पाय उचलत उचलत घरोघरी पेढे देऊन आला. म्हाताऱ्यांच्या पाया पडला. सगळ्यांशी हसून बोलला. कवडूजीच्या हातावरही त्याने एक पेढा ठेवला. कवडूजीने तो तसाच देवापुढे नेऊन ठेवला.

ऊन चढलं तशी मंडळी आपापल्या घरी गेली. शालिक ओसरीवर बसला होता. कवडूजी त्याच्या समोर येऊन जमिनीवर बसला. पोटातलं ओकून टाकल्याशिवाय आता त्याला जगता येणार नव्हतं.

"तुले एक सांगतो," तो म्हणाला. "इंडिया हरो म्हणून मी देवापुढे रोज हात जोडून राहिलो होतो. म्हटलं, हरले तं तुले कमी लागन."

आता पोरगा भडकेल, तुम्ही बाप आहात का वैरी म्हणेल, असं त्याला वाटलं. ते त्याला हवंच होतं. इतक्या दिवसांत शालिक त्याला एक शब्द वाकडा बोलला नव्हता आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. मार खायला बसावं तसा तो मान खाली घालून बसून राहिला.

शालिकने कपाळावरचा गुलाल तळहाताने पुसला. पुसलेल्या हाताकडे तो थोडा वेळ बघत बसला.

"मी बी," तो म्हणाला.

कवडूजीने वर पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि रडूही नव्हतं. सगळे घरी गेल्यावर दुकानदार दुकान आवरतो तसा तो शांत होता. "रोज म्हणत होतो," शालिक म्हणाला. "आपल्याच गोलकीपरचा हात मोडो म्हटलं. माह्या जागी गेला त्याचा पाय मोडो म्हटलं. नाव घेऊन घेऊन म्हटलं."

हा पोरगा असा नव्हता, एवढंच कवडूजीच्या डोक्यात घुमत राहिलं. आजवर तो स्वतःला समजावत आला होता की कातडं तर आहे, येईल नवं. डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं. मनाचं मात्र डॉक्टर काही बोलला नव्हता. त्याने पोराच्या पाठीवरून हात फिरवायला हात उचलला, मग स्वतःच्या त्या हाताकडे पाहिलं आणि तो परत मांडीवर ठेवला. आतून चंद्रकला विचारत होती की पेढे कोणाच्या घरी द्यायचे राहिले का.