रांजणाला ऑइल पेंट

थकलोय मी, मित्रांनो. सोलापूरच्या भवानी पेठेत, मल्लव्वाच्या स्वयंपाकघरात तीस उन्हाळे काढलेला मी एक जुना रांजण आहे.

माढ्याच्या कुंभाराने माझ्या मातीत राख आणि लीद मळली. भट्टीत लीद जळाली आणि अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं राहिली. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं आणि आतलं पाणी गार होतं. एवढंच काय ते माझं काम. पाहुणे दोन-दोन तांबे पिऊन माझं कौतुक करायचे. फ्रिजच्या पाण्याने मल्लव्वाचा घसा धरतो, म्हणून ती अजून माझंच पाणी पिते.

आमच्या नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. यंदा चैत्रात तिचा मुलगा गुरुलिंग माझ्या बुडाखालची ओल बघून वैतागला.

“आई, रांजण गळतोय की. पाणी पुरंल कसं?”

“गळत न्हाय रे, पाझरतोय.”

पण ऐकतो कोण! त्याने मला बाहेरून हिरवा ऑइल पेंट फासला. ओल थांबली आणि पाणी कोमट झालं. लेकाचं मन मोडू नये म्हणून मल्लव्वा गप्प राहिली, पाणीच कमी पिऊ लागली. एका दुपारी चक्कर येऊन ती माझ्याशेजारी मटकन खाली बसली. मला फार वाईट वाटलं. काठोकाठ भरलेला होतो आणि तिच्या उपयोगाचा नव्हतो.

त्याच संध्याकाळी नात दानेश्वरी इंग्रजीचे शब्द पाठ करत होती. “लीक म्हणजे भोकातून, फटीतून गळणं. टाकी लीक होते. सीप म्हणजे अंगातून हळूहळू पाझरणं. भिंतीतून ओल सीप होते.” मग तिने स्वतःचं वाक्य वाचलं, “रांजणातून पाणी सीप होतं, म्हणून ते गार राहतं.”

गुरुलिंग थबकला. “म्हंजे रांजण बिघडला नव्हता?”

“मी येगळं काय सांगत हुते?” मल्लव्वा दमून म्हणाली.

आईचं ऐकलं नाही, पुस्तकाचं ऐकलं. दोन रविवार त्याने मला पॉलिश पेपरने घासलं. तरी रंग एका बाजूला आत मुरलाच होता.

“नवा आणतो,” तो खाली मान घालून म्हणाला.

“ऱ्हाऊ दे. निम्मं गार बी चालतंय मला,” म्हणत मल्लव्वा तांब्याभर पाणी प्यायली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू दुरुस्त करायला निघालात, तर ती रोज वापरणाऱ्याला आधी विचारा आणि तो सांगेल ते ऐका. माझी एक बाजू आता कधीच ओली होणार नाही. दुसऱ्या बाजूने मी पाझरतो आहे. मल्लव्वाला तेवढं पुरावं.